एकशे सतराव्या खुर्चीचं पक्षांतर

राज्यसभेच्या निवडणुकीच्या दिवशी सकाळी विधानसभेतली एकशे सतरा नंबरची खुर्ची पक्ष सोडून गेली.

सात वाजता झाडलोट झाली तेव्हा ती विरोधी बाजूला, शेवटच्या रांगेत, खांबाजवळ आपल्या जागेवर होती. पावणेनऊला मार्शल फेरी मारायला आले तेव्हा ती सत्ताधारी बाजूच्या तिसऱ्या रांगेत, चौसष्ट आणि पासष्ट नंबरच्या मधे अंग चोरून उभी होती. गालिच्यावर चार पायांच्या चार रेघा उमटल्या होत्या. रेघा सरळ होत्या. फक्त अध्यक्षांच्या आसनासमोर त्या जराशा थांबल्यासारख्या आणि दाबल्यासारख्या दिसत होत्या. म्हणजे मधली मोकळी जागा ओलांडताना खुर्चीने तिथे थांबून, झुकून अध्यक्षांना नमस्कार केला होता. नियम तसाच आहे. त्यामुळे ती घाईत किंवा कुणाच्या दबावाखाली गेली असं म्हणता येईना.

ही खुर्ची गोपाळ धाकू मेस्त्री यांची. सगळे त्यांना मेस्त्रीकाका म्हणत. काका मूळचे सुतार. निवडणुकीत सूप चिन्हाच्या पक्षाने त्यांचा डमी अर्ज भरून ठेवला होता. मुख्य उमेदवाराचा अर्ज सही चुकीच्या ठिकाणी केल्यामुळे बाद झाला आणि काका एक्केचाळीस मतांनी निवडून आले. सूपवाले विरोधात बसले, कारण सत्ता घागर चिन्हाच्या पक्षाची आली. चार वर्षांत काका सभागृहात एकदाही बोलले नव्हते. मात्र रोज सगळ्यांच्या आधी यायचे आणि बसण्याआधी खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवायचे. लाकूड चांगलं होतं. जुनं सागवान.

त्या दिवशी सूप पक्षाचे सगळे आमदार बसमधून एकदम आले. कुणी फुटू नये म्हणून त्यांना चार दिवस एका हॉटेलात ठेवलं होतं. काका आपल्या रांगेत गेले आणि खुर्ची होती तिथे उभे राहिले. पक्षाचे प्रतोद हणमंतराव इंगवले धापा टाकत आले.

"काका, तुम्ही तिला काही बोललात का?"

"कुणाला?"

"खुर्चीला हो!"

काकांनी आठवून पाहिलं. "शुक्रवारी उठताना 'येतो' म्हणालो."

"आणखी?"

"आणखी काय बोलणार? मी बोलणारा माणूस नव्हे."

"चार दिवस," इंगवले कपाळाला हात लावून म्हणाले, "चार दिवस मी डोळ्यांत तेल घालून माणसं सांभाळली. फोन काढून घेतले. न्हाव्याला आत सोडलं नाही. लॉबीतल्या माश्यासुद्धा मोजल्या. आणि खुर्च्या? खुर्च्या इथं मोकाट! कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

पुढे पक्षाने ठराव केला की, यापुढे राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांबरोबर त्यांच्या खुर्च्याही हॉटेलात न्याव्यात. पण तो पुढच्या वेळेसाठी.

मतदान दहाला सुरू झालं. काकांनी सूपच्या उमेदवाराला मत दिलं आणि रिवाजाप्रमाणे मतपत्रिका इंगवल्यांना दाखवली. इंगवल्यांनी मान डोलावली. पण संध्याकाळी मोजणीच्या टेबलावर हरकत निघाली. घागरवाल्यांचा प्रतिनिधी म्हणाला, हे मत एकशे सतरा नंबरच्या जागेचं आहे आणि जागा आमच्याकडे आहे. निर्णय अधिकाऱ्याने पुस्तक पाहिलं. मग तो इंगवल्यांना म्हणाला, "प्रतोदसाहेब, जागा कुणाच्या मालकीची असते? माणसाच्या की पक्षाच्या?"

इंगवल्यांनी तीस वर्षं प्रत्येक सभेत सांगितलं होतं की, जागा माणसाची नसते, पक्षाची असते.

मत घागरीत धरलं गेलं. दिल्लीला पाठवायचा सहावा खासदार घागरवाल्यांचा झाला. फरक एका मताचा होता.

दुसऱ्या दिवशी घागरवाल्यांनी खुर्चीचा सत्कार केला. तिच्या पाठीवर शाल पांघरली, बैठकीवर नारळ ठेवला आणि पत्रकारांना सांगितलं की, ही खुर्ची स्वखुशीने, कोणतीही अपेक्षा न ठेवता, केवळ आपल्या मतदारसंघाच्या विकासासाठी आमच्याकडे आली आहे. एका पत्रकाराने विचारलं, खुर्चीला मंत्रिपद देणार का? पक्षाध्यक्ष हसून म्हणाले, योग्य वेळी विचार करू.

सूपवाल्यांनी मतदानाच्या सकाळीच खुर्चीवर पक्षादेश बजावला होता. इंगवल्यांनी तो स्वतः नेऊन तिच्या पाठीला चिकटवला. 'चोवीस तासांत मूळ ठिकाणी हजर व्हावे.' चोवीस तास गेले. खुर्ची हलली नाही. चार माणसांनी उचलली असती तर आली असती, पण तसं केलं तर ते अपहरण ठरतं, आणि घागरवाल्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना दोन मार्शल उभे करून घेतले होते.

या सगळ्यात काकांची एकच अडचण होती. गुरुवारी त्यांची लक्षवेधी होती.

लक्षवेधी म्हणजे मंत्र्याचं एखाद्या गोष्टीकडे लक्ष वेधायचं, मग मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. चार वर्षं काका अर्ज देत होते आणि चार वर्षं चिठ्ठीत दुसऱ्यांची नावं निघत होती. या वेळी त्यांचं निघालं. विषय होता साकव. त्यांच्या सुकेवाडीपुढून एक व्हाळ वाहतो. एरवी त्यात पाऊल बुडत नाही. पावसात मात्र तो माणूस नेतो. त्यावर पायी जाण्यापुरता लहानसा पूल, एवढंच मागणं. काका आमदार व्हायच्या आदल्या आषाढात त्यांची बायको वत्सला आजारी पडली. काकांनी घरातली खुर्ची दोन बांबूंना बांधली, तिला त्यात बसवलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. व्हाळ उतरायची वाट बघत ते अलीकडच्या काठावर साडेचार तास उभे होते. खुर्ची खाली टेकवायला कोरडी जागा नव्हती. वत्सला दोनदा म्हणाली, "अहो, मला उतरवा, तुमचे खांदे दुखत असतील." तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. मग व्हाळ उतरला.

या गोष्टीविषयी काका कुणाशी बोलत नसत. पण गुरुवारी बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. सगळं नाही. चार वाक्यं. ती त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतली होती आणि कागद वरच्या खिशात ठेवला होता.

ते विधिमंडळाच्या सचिव देवस्थळीबाईंना भेटायला गेले. बाई कडक होत्या, पण काकांना बसायला सांगत.

"बाई, गुरुवारी मी बोलायचं कुठून?"

"आपल्या जागेवरून. सदस्याने दिलेल्या जागेवरूनच बोलायचं असतं. दुसरीकडून बोललेलं नोंदीत जात नाही."

"जागा तर पलीकडे आहे."

"मग पलीकडून बोला."

"पलीकडे जाऊन बसलो तर?"

"तर ते पक्षांतर. आमदारकी जाईल."

काका थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. "आणि न बसता, इथूनच मोठ्याने बोललो तर? माझा आवाज तसा पोचतो."

"आवाज पोचेल हो, पण नोंद होणार नाही. नोंद नाही म्हणजे तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही बोलला नाहीत तर मंत्री कशाचं उत्तर देणार? आणि उत्तर नाही तर साकव नाही." बाईंनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतं मेस्त्रीकाका. मी हे पुस्तक रात्री घरी नेऊन पुन्हा वाचलं. त्यात खुर्ची एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असा प्रसंगच धरलेला नाही."

"चालायचंच," काका म्हणाले. "पुस्तक लिहिणाऱ्याला तरी काय माहीत."

दुपारच्या सुट्टीत सभागृह रिकामं असताना काका पलीकडे गेले. मार्शलांनी त्यांना अडवलं नाही. बसू नका एवढंच सांगितलं. काका गालिच्यावर गुडघे टेकून बसले आणि खुर्चीकडे बघत राहिले. कुणीतरी शाल काढून नेली होती. नारळही नव्हता.

"का गं?" काका हळूच म्हणाले.

मग त्यांनी सवयीने तिचा हात धरून तिला जरा हलवून पाहिलं. ती हलली नाही. काकांनी पुन्हा हलवलं. अजिबात नाही. त्यांना नवल वाटलं. पलीकडे, खांबाजवळ, फरशी उतरती होती. खुर्ची कायम डुगडुगायची. काकांनी पहिल्याच अधिवेशनात मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती, तरी डुगडुगायची. फरशी दुरुस्त करा म्हणून त्यांनी तोंडी सांगितलंही होतं. शेवटच्या रांगेचं कोण ऐकतो. इथे फरशी सपाट होती. खुर्ची चारही पाय टेकवून स्वस्थ उभी होती. चाळीस वर्षं काकांनी खुर्च्या केल्या होत्या, पण इतकी स्वस्थ उभी राहिलेली खुर्ची त्यांनी फार कमी वेळा पाहिली होती.

त्यांच्या मनातला राग, थोडा होता तो, गेला. उठताना त्यांनी तिच्या पाठीवर चिकटवलेल्या पक्षादेशाचा सुटलेला कोपरा नीट दाबून बसवला.

हे फरशीचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी इंगवले त्यांच्या खोलीवर आले. आज ते खुशीत होते.

"काका, मार्ग निघाला! आपण खुर्चीविरुद्ध अर्ज केलाय अध्यक्षांकडे. उद्या सुनावणी. खुर्ची फुटली असं एकदा ठरलं की ती अपात्र. अपात्र झाली की तिचं निर्लेखन."

"म्हणजे?"

"म्हणजे सरकारी यादीतून नाव कमी. मग मोडतोड करून कँटीनच्या बंबात. आणि तुम्हाला नवी खुर्ची, जुन्या ठिकाणी, आपल्या बाजूला! परवा त्यावर बसून काय बोलायचं ते बोला."

काकांनी विचारलं, "बंबातच घालायला पाहिजे का?"

"अहो, ती गद्दार आहे!"

"लाकूड चांगलं आहे हो तिचं."

"काका," इंगवले त्यांच्याजवळ सरकले, "तुम्हाला साकव पाहिजे की खुर्ची?"

काकांनी कागद ठेवलेल्या वरच्या खिशावर हात ठेवला. इंगवल्यांनी तेच उत्तर समजून घेतलं.

"उद्या अध्यक्ष तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. खुर्ची फुटली का? तुम्ही म्हणायचं, फुटली. एकच शब्द. पाठ करायलाही नको."

"फुटली," काका म्हणाले.

"वा! जरा जोरात म्हणा."

"फुटली."

इंगवले गेल्यावर काका खाटेवर बसून राहिले. त्यांनी मनाशी हिशेब मांडला तो साधा होता. एका बाजूला एक खुर्ची. दुसऱ्या बाजूला सुकेवाडीची एकशे बावीस माणसं. खुर्चीला दुखत नाही. निदान तसं म्हणतात. त्यांनी ठरवलं, म्हणायचं फुटली. आणि खोटं तरी कुठे होतं? पक्ष सोडून गेली त्याला सगळं जग फुटली असंच म्हणतं.

सुनावणी बुधवारी अकराला होती. खुर्ची हलवता येत नसल्यामुळे अध्यक्षच सभागृहात आले आणि तिच्यासमोर टेबल मांडून बसले. एका बाजूला इंगवले, दुसऱ्या बाजूला घागरवाल्यांचे वकील. देवस्थळीबाई पुस्तक घेऊन. लघुलेखक पेन्सिल घेऊन. इंगवल्यांनी दीड तास बाजू मांडली. घागरवाल्यांचे वकील म्हणाले की, खुर्चीचे एकूण भाग नऊ: चार पाय, दोन हात, पाठ, बैठक आणि खालची चौकट. कायद्याप्रमाणे दोन तृतीयांश, म्हणजे सहा भाग गेले तर ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. इथे तर नऊच्या नऊ गेले आहेत. अध्यक्षांनी भाग मोजून घेतले. नऊ भरले.

"हा मुद्दा आपण शेवटी घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "आधी मूळ प्रश्न. मेस्त्री, पुढे या."

काका पुढे आले.

"आपण चार वर्षं या खुर्चीवर बसता. शिवाय आपण सुतार. आपल्याइतकं तिला कुणी ओळखत नाही. नीट तपासा आणि सांगा, ही खुर्ची फुटली आहे का?"

इंगवल्यांनी काकांकडे बघून हळूच मान हलवली. काकांनी तोंड उघडलं. पण अध्यक्ष 'तपासा' म्हणाले होते, आणि तपासा म्हटल्यावर न तपासता सांगायचं कसं? काका खाली बसले. बोटाच्या पेराने त्यांनी पाय वाजवून पाहिले, एक, दोन, तीन, चार. आवाज भरीव होता. अंगठा सांध्यांवरून फिरवला. पाठीमागे जाऊन चौकटीखाली वाकून पाहिलं. बैठकीच्या कडेवर नख ओढलं. गिऱ्हाईक दारात उभं असावं तसे ते सगळं विसरून गेले होते. मग ते उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले,

"नाही साहेब. फुटलेली नाही. केसाएवढी चीर नाही कुठे. अजून साठ वर्षं जाईल."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली. इंगवल्यांनी डोळे मिटून घेतले होते.

काकांच्या ध्यानात आलं. "म्हणजे... लाकडाच्या अर्थाने म्हणालो मी. तुमच्या अर्थाने..."

"मेस्त्री," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "नोंदीत शब्द लिहितात. अर्थ लिहायला तिथे रकाना नाही."

"मला पुन्हा सांगता येईल का?"

अध्यक्षांनी देवस्थळीबाईंकडे पाहिलं. बाईंनी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि काकांकडे न बघता मान नकारार्थी हलवली.

निकाल तिथेच दिला गेला. देवस्थळीबाईंनी तो वाचला. खुर्ची फुटलेली नाही हे तज्ज्ञ साक्षीने सिद्ध झाले आहे. ज्याअर्थी ती फुटलेली नाही, त्याअर्थी ती आपल्या पक्षाबरोबरच आहे. ज्याअर्थी ती आपल्या पक्षाबरोबर आहे, त्याअर्थी ती जिथे आहे तिथेच तिचा पक्ष आहे. सदर जागेचे सदस्य गोपाळ धाकू मेस्त्री हे मात्र गेले तीन दिवस आपल्या जागेपासून बेचाळीस फूट अंतरावर, विरुद्ध बाजूस वावरताना आढळले. सबब, फुटले आहेत ते सदस्य. त्यांचे सदस्यत्व आज दुपारपासून रद्द करण्यात येत आहे. खुर्ची कायम.

शेवटच्या ओळीशी बाई जरा अडखळल्या. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, कारण अडखळत वाचलेलं धरत नाहीत.

"काका, तुम्ही काय केलंत हो हे," इंगवले म्हणाले. ओरडायचं त्यांच्यात त्राण नव्हतं. "एक शब्द होता. एक!"

"धड वस्तूला फुटली म्हणायला जीभ वळली नाही," काका म्हणाले. "चूक झाली." मग ते बाईंजवळ गेले. "बाई, उद्याची लक्षवेधी गेली का?"

"नाही. लक्षवेधी जागेच्या नावावर असते. जागा कायम आहे. उद्या होईल."

"बोलणार कोण?"

"जागा," बाई म्हणाल्या.

काकांनी वरच्या खिशातला कागद काढला, उलगडला, चारही वाक्यं एकदा वाचली. मग तो कागद त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून एक कोपरा बैठक आणि पाठीच्या मधे खोचला.

गुरुवारी काका प्रेक्षकांच्या सज्जात बसले. पास देवस्थळीबाईंनी काढून दिला होता. चौथ्या क्रमांकाला अध्यक्षांनी पुकारलं, "लक्षवेधी. आसन क्रमांक एकशे सतरा."

सगळे एकशे सतराकडे वळले. खुर्ची उभीच होती. लक्षवेधीला दोन मिनिटं असतात. दोन मिनिटं सभागृह गप्प होतं. त्या चार वर्षांत काकांनी ते सभागृह एवढं गप्प कधी ऐकलं नव्हतं. कुणी कुजबुजलं नाही, कुणाचा फोन वाजला नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. काकांना वाटलं, माझ्या चार वाक्यांना एवढं कुणी ऐकलं नसतं.

घंटा वाजली. बांधकाम मंत्री उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, सन्माननीय जागेने अत्यंत कळकळीने विषय मांडला आहे. लेखी निवेदनात शेवटी म्हटलं आहे," त्यांनी काकांचा कागद डोळ्यांसमोर धरला, "'तरी सदर जागेवर साकव बांधून मिळावा.' अध्यक्ष महाराज, सरकार संवेदनशील आहे. सदर जागेवर साकव मंजूर करण्यात येत आहे. काम पावसाळ्याआधी पूर्ण केलं जाईल."

बाकं वाजली. सूपवाल्यांनीही वाजवली. सज्जात टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून काकांनी हात नुसते जोडून धरले.

बांधकाम खात्याने आदेश काढला. आदेशात 'सदर जागा' म्हणजे कोणती याचा खुलासा असावा लागतो, म्हणून कारकुनाने कार्यवृत्त काढून पाहिलं. जागा, क्रमांक एकशे सतरा, सत्ताधारी बाजू, रांग तिसरी. अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वाळूची गाडी विधानभवनाच्या दारात उभी राहिली.

काकांनी खात्यात जाऊन विचारलं. अभियंता चांगला माणूस होता. त्याने आदेश दाखवला. "काका, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द आहे. जागा बदलायची तर पुन्हा लक्षवेधी लावावी लागेल. ती आमदाराला लावता येते."

"आमदार आता खुर्ची आहे," काका म्हणाले.

"हो ना," अभियंता हळहळला. मग त्याने विचारलं, "तुम्ही सुतार ना? साच्याच्या फळ्या मारायला माणूस पाहिजे होता. इथली माणसं घाईघाईत मारतात, सिमेंट गळतं."

काकांनी घरी जाऊन हत्यारं आणली. दीड महिना ते सभागृहात फळ्या मारत होते. साकव विरोधी बाजूच्या खांबापासून निघून, मधल्या मोकळ्या जागेवरून, एकशे सतरा नंबरच्या डोक्यावरून सत्ताधारी बाजूला उतरत होता. बेचाळीस फूट. खुर्चीवर थेंब पडू नये म्हणून काकांनी तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. एकही सांधा त्यांनी सैल सोडला नाही. साकव कुठे का असेना, माणसं त्यावरून जाणार होती.

उद्घाटनाला सुकेवाडीची माणसं पहिल्या एसटीने आली. बाराजण होते. म्हाताऱ्या बायजाआक्का सगळ्यांत पुढे. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, पहिल्या पायरीला हळद-कुंकू वाहिलं आणि कठडा दाबून पाहिला.

"गोपाळा, झाला रे बाबा आपला साकव," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, तू करशील."

"झाला, आक्का."

"पलीकडं काय आहे?"

"सत्ताधारी," काका म्हणाले.

"बरी माणसं आहेत?"

"फरशी सपाट आहे तिथली."

आक्का सावकाश चढल्या. त्यांच्यामागून ओळीने सगळे गेले. पलीकडच्या टोकाला घागरवाल्यांचा माणूस वही घेऊन उभा होता. उतरणाऱ्याचं नाव लिहीत होता आणि गळ्यात घागरीचं चित्र असलेली निळी पट्टी घालत होता. उतरलेले तिथेच थांबले, कारण चहा त्या बाजूला होता.

"काका, या की तुम्ही पण!" पलीकडून कुणीतरी हाक मारली.

"येतो. जरा अवजारं आवरतो."

पण काका जागचे हलले नाहीत. वही मिटेपर्यंत ते खांबाजवळ, उतरत्या फरशीवर, एका हाताने कठडा धरून उभे होते. साकव भर वजनाखाली कुठे वाजतो का ते ऐकत होते. बारा माणसं एका वेळी गेली, तरी तो वाजला नव्हता.